प्रचाराच्या रीलमध्ये प्रभागाचे काम दिसू द्या

महोदय,

पुण्यात महापालिकेची निवडणूक लागली की मोबाइलवर इच्छुकांच्या रील्सचा पाऊस पडतो. ड्रोनमधून टिपलेली पदयात्रा, जेसीबीवरून उधळलेली फुले, स्लो मोशनमधले नमस्कार आणि त्यावर ढोल-ताशा. रील संपते, पण हा उमेदवार प्रभागात काय करणार हे कळत नाही. आम्ही चित्रीकरण-संकलनाच्या कामातली माणसे आहोत, आणि मतदाराचा वेळ असा वाया जाताना पाहून वाईट वाटते.

एका रीलमध्ये एकच प्रश्न घ्यावा. सिंहगड रस्त्यावरची कोंडी, २०२१मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांतले टँकर आणि कचरा एकत्र कोंबला तर काहीच लक्षात राहत नाही. सावकाश मराठीत ३० सेकंदांत ६०-७० शब्दच बसतात. ‘नमस्कार, मी...’ म्हणेपर्यंत बघणारा पुढे गेलेला असतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत कोरडा नळ किंवा उघडे चेंबर दिसू द्या. मग गल्लीचे नाव, मग नेमके काय करणार आणि पैसा कुठून आणणार. स्वतःचे नाव शेवटी.

शेवटच्या पाटीवर चिन्हाइतकेच महत्त्वाचे म्हणजे प्रभाग क्रमांक आणि जागेचे अक्षर (अ, ब, क, ड). चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला चार मते द्यायची असतात; उमेदवार ‘ब’ जागेवर आहे की ‘क’, हेच बहुतेक रील्स सांगत नाहीत. अपक्षांना चिन्ह अर्जमाघारीनंतर मिळते, म्हणून त्यांनी ही पाटी वेगळी ठेवून नंतर जोडावी.

अक्षरांकडे तर फारच दुर्लक्ष होते. पीएमपी बसमध्ये बसलेला माणूस आवाज बंद ठेवून पाहतो, त्यामुळे बोललेले पडद्यावर उमटलेच पाहिजे. १०८० बाय १९२० च्या चौकटीत खालचे सुमारे ४०० पिक्सेल आणि उजवी कड ॲपची बटणे व मजकूर झाकून टाकतात. ओळी त्याच्या वर घ्या, एका वेळी दोनच, प्रत्येकी चार-पाच शब्दांच्या. एकेक अक्षर उमटवणारे ॲनिमेशन देवनागरीला चालत नाही: ‘प्रभाग’चा प्र फुटतो, वेलांटी भलतीकडे जाते, रफार उडतो. शब्दाशब्दाने उमटवा, नाहीतर ओळ चित्र म्हणून तयार करून वर ठेवा. आपोआप तयार होणाऱ्या ओळींत वाड्या-वस्त्यांची नावे हमखास चुकतात; पोस्ट करण्यापूर्वी प्रभागातल्याच कुणाकडून वाचून घ्या.

आवाज खराब असेल तर चांगले चित्रही वाया जाते. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, त्यावर वाऱ्यासाठी फोमची टोपी. सातारा रस्त्याच्या कडेला उभे राहून बोलू नये, आतल्या गल्लीत जावे. आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकावे. कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली पट्टे फिरताना दिसतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेऱ्याचे शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले की ते जातात. गाजलेले चित्रपटगीत लावू नये. कॉपीराइटचा दावा आला की रीलचा आवाजच बंद होतो, तोही नेमका प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत.

एआयने केलेल्या आवाजाबद्दल आणि चेहऱ्याबद्दल तडजोड नको. केंद्रीय निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा प्रचारसाहित्यावर दिसणाऱ्या भागाच्या किमान १० टक्के जागेत तसे ठळक नमूद करण्यास सांगितले. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो हे खरे, पण मतदाराला फसवू नये हे दोन्हीकडे सारखेच. रीलचा खर्चही रोजच्या हिशेबात दाखवावा.

पैसे देऊन रील पुढे ढकलायची असेल, तर फेसबुक-इन्स्टाग्रामवर राजकीय जाहिरातीसाठी आधी ओळख पडताळणी लागते आणि ‘खर्च कोणाचा’ ही ओळ द्यावी लागते. त्यात काही दिवस जाऊ शकतात. प्रचार संपत आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वीच हे काम उरकून घ्यावे.

– चित्रीकरण-संकलन क्षेत्रातील काही वाचक, पुणे