‘खोटं_पान’ लिहिणाऱ्याचे आभार

नमस्कार,

तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही, त्यामुळे मायना नुसता नमस्कारावरच उरकतेय. चालवून घ्या.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, खिडक्या-बटणं बनवायचं तिचं साधन टीकिंटर वापरून, मी फाइल ब्राउझर करत होते. डावीकडे फोल्डरांचं झाड, उजवीकडे फाइलींची यादी, बस्स. छोट्या फोल्डरवर मस्त चालायचा. होम फोल्डर, म्हणजे माझ्या सगळ्या फाइलींचं घर, दाखवला की खिडकी पांढरीफटक, एकही बटण दाबलं जाईना आणि लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागायचा.

मदत मागितली तर उपदेशांचा पाऊस. “तयार फाइल मॅनेजर ढिगाने पडलेत, हा उद्योग कशाला?” “टीकिंटर कोण वापरतं आता? क्यूटी घ्या.” एकाने तर “डॉक्युमेंटेशन वाचा” म्हणून विषयच संपवला. वाचलं होतं हो! क्यूटी हे खिडक्या बनवायचं दुसरं साधन, त्यात फाइलींची यादी सांभाळणारं मॉडेल आयतं मिळतं, हे मलाही माहीत आहे. पण मला आयतं नको होतं, आत काय चालतं ते कळायला हवं होतं. शिकवायला सगळे पुढे, माझा कोड चालवून बघायला कुणी नाही.

तुम्ही चालवून बघितलात. “तुमच्या सगळ्यात मोठ्या फोल्डरमध्ये साधारण किती फाइली आहेत?” एवढंच विचारलंत आणि माझीच फाइल मोजक्या ओळी बदलून परत पाठवलीत. अख्खं झाड आधीच भरत बसायचं नाही! ट्रीव्ह्यूमध्ये, म्हणजे टीकिंटरच्या झाड दाखवणाऱ्या भागात, एखाद्या नोंदीखाली काही असेल तरच ती उघडायची खूण दिसते. म्हणून प्रत्येक फोल्डरखाली एक रिकामी नोंद ठेवून द्यायची आणि कुणी तो उघडला की ती काढून त्या जागी खरी यादी भरायची. फोल्डरातली नुसती नावं देणारं लिस्टडिर काढून तुम्ही स्कॅनडिरही घातलंत. ते पायथनमध्ये २०१५ पासून, म्हणजे ३.५ पासून आहे, आणि समोर फाइल आहे की फोल्डर हे बहुतेक वेळा डिस्कला पुन्हा न विचारता सांगतं. परवानगी नसलेल्या फोल्डरपाशी प्रोग्राम आपटायचा, तेही जाता जाता सावरलंत.

पण हे पत्र त्यासाठी नाही. माझ्या कोडमधली नावं देवनागरीत आहेत: ‘फांदी’ म्हणजे फोल्डर, ‘पान’ म्हणजे फाइल. पायथन ३ ला ती चालतात, लोकांना चालत नाहीत. “आधी ही नावं बदला, मग बघू,” असंही ऐकून झालं होतं. तुम्ही एकाही नावाला हात लावला नाहीत. उलट त्या रिकाम्या नोंदीला तुम्ही स्वतःहून नाव दिलंत ‘खोटं_पान’. ती ओळ वाचून मी एकटीच हसत बसले, आणि खरं सांगायचं तर डोळेही भरून आले. दुसऱ्याच्या घरातला नळ दुरुस्त करून वर सांडलेलं पाणीही पुसून निघणारी माणसं असतात, त्यातले तुम्ही. ज्ञान पुष्कळांकडे असतं. समोरच्याने मांडलेला डाव न मोडता मदत करायची रीत फार थोड्यांना जमते, आणि तिचं कौतुक त्याहून कमी होतं.

आता होम फोल्डर चटकन उघडतो. पुढे नाव बदलण्याची आणि लपलेल्या फाइली दाखवायची सोय करतेय. कोडच्या माथ्यावर आभाराची एक ओळ घालायची आहे. तिथे तुमचं टोपणनावच लिहू की दुसरं काही, तेवढं कळवा.