शिडाची होडी शिकवणाऱ्यांचे आभार

नवशिक्यांना शिडाची छोटी होडी शिकवणाऱ्या प्रशिक्षकांचे आणि सुरक्षा बोटीत तासन्‌तास उन्हात थांबणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. होडी पळवण्याआधी तुम्ही ती मुद्दाम उलटवून दाखवलीत, हे फार मोलाचं. उलटली तरी होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटायचं नाही, सेंटरबोर्डवर (होडीच्या तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीवर) वजन टाकून ती सरळ करायची, हे अंगात मुरेपर्यंत करून घेतलंत. लाइफ जॅकेटचा प्रत्येक पट्टा स्वतः ओढून पाहिलात. वाऱ्याचा झोत आला की शिडाची दोरी सैल सोड, बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) फिरताना डोकं खाली, हे न कंटाळता सांगत राहिलात. किनाऱ्याकडून आत पाण्याकडे वाहणारा वारा किती फसवा असतो (काठावर पाणी अगदी शांत दिसतं), हेही तुमच्यामुळेच कळलं. वारा वाढल्यावर सराव रद्द करताना आमची नाराजी शांतपणे ऐकून घेतलीत, त्याबद्दल तर विशेष आभार.