ठोसा टाचेतून निघतो, दंडातून नाही

मा. संपादक, स.न.

मागच्या रविवारी तुमच्या फिटनेसच्या पानावर पंचची ताकद वाढवायची म्हणून पुशअप्स आणि डंबेल्स दिले होते, फोटो छान होते पण अख्ख्या पानात पायाबद्दल एक अक्षर नव्हतं आणि जो फोटो सगळ्यात मोठा छापलाय त्यातल्या मुलाचा अंगठा मुठीच्या आत आहे हो! तो बघूनच लिहायला बसले.

मी बारा वर्षं बॉक्सिंग करतेय, मेडल बिडल काही नाही, वजन जेमतेम पन्नास किलो. पहिलं वर्ष मीपण दंडानेच मारायचे, टांगलेल्या पंचिंग बॅगवर फटकन आवाज यायचा पण बॅग जागची हलायची नाही आणि दोन राउंडमध्ये खांदे भरून यायचे. मग एकदा कोच म्हणाले, उजव्या चवड्याखाली विडी विझवतेयस असं समज आणि मग मार. टाच उचलली गेली, बाहेर वळली, मागोमाग कंबर फिरली, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी गेला, आणि बॅग मधेच दुमडली. मीच घाबरले!

क्रॉसचं, म्हणजे मागच्या हाताच्या सरळ ठोशाचं, गणित एवढंच आहे. हात सैल ठेवायचा, मूठ लागायच्या क्षणी आवळायची, श्वास तेव्हाच सोडायचा. आधीपासून दंड ताठ केला की बायसेप उलटा ब्रेक लावतो, म्हणून फुगलेल्या दंडांची बरीच मुलं बॅगपुढे हळू वाटतात (त्यांना सांगितलं की राग येतो, असो). हूकला, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशाला, कोपर साधारण काटकोनात धरून हात आणि छाती एकत्र फिरवायची, डावा हूक असेल तर पुढचा पाय फिरतो. अपरकटला, म्हणजे खालून वर जाणाऱ्या ठोशाला, गुडघे थोडे वाकवून खालून उठायचं, हात कमरेपर्यंत नेलात तर तोंड उघडं पडलंच. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, जोरासाठी नसतोच, तरी छोटं पाऊल टाकून मारला की वजन येतं. आणि मारून झाला की हात सरळ गालापाशी परत, हे सगळे विसरतात.

हात लांब मागे नेल्याशिवाय जोर येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हेवीवेट बॉक्सर जॉर्ज फोरमन आणि तेव्हाचा चॅम्पियन मायकेल मूरर यांची १९९४ ची फाइट बघावी. फोरमन ४५ वर्षांचा, पॉइंट्सवर मागे पडलेला, आणि दहाव्या राउंडमध्ये आखूड सरळ उजवा मारून २६ वर्षांच्या चॅम्पियनला आडवं केलं.

मुठीचं मात्र जरा नीट छापा. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नकल्स, म्हणजे मुठीवरची उंच हाडं, लागायला हवीत, मनगट सरळ, अंगठा बाहेरून बोटांवर. करंगळीकडून लागलं तर तिच्यामागचं हाड मोडतं, त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, पण शिकलेल्या बॉक्सरपेक्षा रागात भिंतीवर ठोसा घालणाऱ्यांनाच ते जास्त होतं. माझं हाड वाचलं, पण एकदा हाताला रॅप (कापडी पट्टी) न बांधता बॅगवर गेले होते तेव्हा तीन आठवडे पेन धरता येत नव्हतं.

तर येत्या रविवारी त्या फोटोची दुरुस्ती छापाल का, अंगठा बाहेर असलेला? आणि जमलं तर कॅमेरा जरा खाली करून पायाचापण एक फोटो घ्या.

आपली एक वाचक