निकालानंतरचा प्रचारप्रमुख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विधानसभेला 40 लाख, लोकसभेला 95 लाख ही खर्चमर्यादा. त्यासाठी वेगळे बँक खाते, रोजच्या खर्चाची नोंदवही आणि निकालापासून 30 दिवसांत हिशेब. ही वही ज्याच्या देखरेखीखाली भरली जाते, तो प्रचारप्रमुख. वही जमा झाली की कायद्याच्या लेखी तो संपला. त्याचा खरा व्यवसाय मात्र तिथून सुरू होतो.

निवडणुकीचे काम हंगामी. पाच वर्षांत काही महिने पैसे. पण हातात दोन गोष्टी उरतात. पहिली फॉर्म 20, म्हणजे केंद्रनिहाय मतांचा तक्ता. तक्ता कुणालाही मिळतो. कोणत्या केंद्रावर दूध संस्थेच्या सचिवाने मते फिरवली आणि कुठे कारखान्याच्या शेती विभागातल्या माणसाने, हे त्यात नसते. ते याच्या डोक्यात असते. दुसरी, निवडून आलेल्याच्या पीएचा लगेच उचलला जाणारा फोन. कंपन्या आणि उद्योगांच्या संघटना याचेच पैसे मोजतात. कार्डावर ‘सल्लागार’ छापलेले असते.

आपल्याकडचे शेतकरी पन्नास माणसे घेऊन मुंबई गाठतात. निवेदन दिले जाते, फोटो निघतो, कागदावर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा पडतो आणि कागद खाली उतरतो. लॉबिस्ट, म्हणजे पैसे घेऊन कुणाची तरी मागणी सरकारदरबारी रेटणारा हा ‘सल्लागार’, खालून वर चढतो. कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर टिपणी तयार होत असतानाच तो दोन पानांचे टिपण, आधीचा शासन निर्णय आणि हव्या त्या दुरुस्तीचा तयार मसुदा पोचवतो. पुढे अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री अशी नस्ती (फाइल) चढते, तेव्हा मूळ मांडणी सहसा तीच राहते.

एका शासन निर्णयाची किंमत काय, हे ऊसपट्ट्याला सांगायला नको. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, 14 दिवसांत द्यायचा, उशीर झाल्यास 15 टक्के व्याज. राज्याने फेब्रुवारी 2022 मध्ये ती दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला. मुंबई उच्च न्यायालयाने तो मार्च 2025 मध्ये रद्द केला, तोवर तीन गाळप हंगाम गेले होते. तो अमुक माणसाने करवून घेतला, असे आमचे म्हणणे नाही. पण त्याआधी कोण कुणाच्या वतीने कुणाला भेटले, याची नोंद ठेवण्याचे बंधनच आपल्याकडे नाही. ही गोष्ट आम्हाला अस्वस्थ करते.

अमेरिकेत 1995 च्या कायद्याने लॉबिस्टला 45 दिवसांत नोंदणी करावी लागते. अशील, विषय आणि पैसे दर तिमाहीला जाहीर होतात. तिथेही गळती आहे. 2016 मध्ये ट्रम्प यांच्या प्रचाराचे अध्यक्ष राहिलेले पॉल मॅनफोर्ट यांनी युक्रेनसाठीचे आपले काम नोंदवलेच नव्हते. 2018 मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, डिसेंबर 2020 मध्ये त्यांना माफी मिळाली. माजी सिनेटरला लॉबिंगसाठी दोन वर्षे थांबावे लागते. प्रचारप्रमुख सरकारी पदावर नसल्याने त्याला ही अट नाही. आपल्याकडे निवृत्त सनदी अधिकाऱ्याला खासगी नोकरीसाठी वर्षभर परवानगी लागते, प्रचारप्रमुखाला तीही नाही. लॉबिंग उघड करण्याचे खासगी विधेयक 2013 मध्ये लोकसभेत आले होते, त्याचा कायदा झाला नाही. कोल्हापूर आणि हातकणंगलेच्या खासदारांनी ते पुन्हा मांडावे आणि त्यात प्रचारप्रमुखांसाठी दोन वर्षांची अट घालावी.

तोवर माहिती अधिकार आहे. अर्ज 150 शब्दांत, विषय एकच, शुल्क 10 रुपये. ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये, तिथेच अर्ज अडकतो. शासन निर्णयाचा क्रमांक व तारीख घालून त्या नस्तीचा टिपणी भाग आणि आलेली सर्व निवेदने मागावीत. निर्णय निघण्याआधी मागितल्यास बहुधा नकार मिळतो, म्हणून निघाल्यावर लगेच मागावे. टिपणीतले एखादे वाक्य एखाद्या लेटरहेडवरच्या वाक्याशी शब्दशः जुळते का, एवढे ताडून पाहावे.

– निवडणूक कामातले दोन वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर