वडिलांचं वर्कशॉप बायोडेटात का नव्हतं?

संपादक महोदय,

रविवारच्या अंकात परदेशी शिक्षण मेळाव्याची पानभर जाहिरात होती. ‘व्हिसा होईपर्यंत आम्ही तुमच्यासोबत’ असं तिच्यात ठळक छापलं होतं. त्यातला ‘होईपर्यंत’ हा शब्द मी दोनदा वाचला. व्हिसा झाल्यावर काय होतं ते मी सांगतो, गेलं वर्षभर आमच्या घरात तेच चाललंय.

नाशिकच्या अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, एक म्हातारा लेथ, सात माणसं, सगळं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरीचं काम. मुलगा मेकॅनिकल झाला आणि मार्च २०२५मध्ये मास्टर्स करायला जर्मनीत केमनित्सला गेला. तिथल्या सरकारी विद्यापीठात शिकवणीची फी नाही. पण राहण्या-खाण्याचे वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. त्या वेळच्या भावाने ही रक्कम अकरा लाखांच्या आसपास गेली. कर्ज काढलं. कॉलेज रोडच्या ज्या कन्सल्टन्सीत गेलो होतो तिथल्या बाई म्हणाल्या, “काका, दुसऱ्या वर्षाचं टेन्शन घेऊ नका, मुलं पार्टटाइम करून काढतात.” मला पटलं. पटवून घ्यायचंच होतं म्हणा.

पहिले पाच महिने पोराने पार्सलच्या गोदामात काढले. पहाटे चारची पाळी, तिथून थेट वर्गात. पैसे वाईट नव्हते, ताशी किमान वेतन तेव्हा १२.८२ युरो होतं, २०२६च्या जानेवारीपासून १३.९० झालं. पण परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवसच काम करता येतं. ते दिवस खोकी उचलण्यात गेले की तेवढे कमी झाले, आणि त्या कामाचा पुढे इंजिनिअरच्या नोकरीला काडीचा उपयोग नाही. उपयोगाचं काम म्हणजे ‘वर्कश्टुडेंट’: आपल्याच विषयातल्या कंपनीत, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. तिथली पुढची नोकरी बहुतेक या वाटेने मिळते. हा शब्द मी पोरगा गेल्यानंतर सहा महिन्यांनी पहिल्यांदा ऐकला.

त्याने साठ-सत्तर अर्ज केले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांनी पहिला प्रश्न जर्मनचा विचारला. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून हा जर्मनची ए-टू ही सुरुवातीची पातळी करून गेला होता, म्हणजे दुकानात पाव मागता येईल इतपत. इथे माझाच मला राग येतो. आमचा एक ऑपरेटर बिहारचा आहे. ‘धर, थांब, टूल गेलं, साहेबांना बोलव’ एवढं मराठी तो सहा महिन्यांत शिकला, म्हणून शॉपवर टिकला. हे रोज डोळ्यांसमोर असून जर्मनीत शॉपवर इंग्रजी चालेल असं मी कसं धरून चाललो?

मग विद्यापीठाच्या करिअर सेंटरमधल्या बाईंनी त्याचा बायोडेटा पाहिला. तिकडे महिन्यावार सगळं लिहायचं असतं, मधे रिकामी जागा दिसली की विचारतात. त्यांनी विचारलं, हे तीन उन्हाळे कुठे गेले? हा म्हणाला, वडिलांच्या वर्कशॉपला जायचो. मग लिहिलं का नाहीस? नाशिकला बायोडेटा करून देणाऱ्याने सांगितलं होतं, घरचा धंदा लिहू नको, इम्प्रेशन जात नाही. पोराने फोनवर हे हसत सांगितलं. मी हसलो नाही.

तिकडे काम सोडताना मालक लेखी दाखला देतो आणि त्या कागदाला किंमत असते. मी लेटरहेडवर दाखला लिहायला बसलो. कोणतं मशीन, ड्रॉइंग वाचून सेटिंग केलं का, बोअर म्हणजे आतलं भोक किती मायक्रॉनमध्ये धरलं, इन्सर्ट म्हणजे कापणारं पातं बदलणं, रिजेक्शनची नोंद. तीन संध्याकाळी गेल्या. बावीस वर्षांत मी कुणालाही असा कागद दिलेला नाही, दोन ओळींचं ‘वर्तणूक चांगली’ तेवढं दिलं. त्याच आठवड्यात माझ्या दोन ऑपरेटरांनाही नीट दाखले लिहून दिले, हे जाता जाता.

तो कागद जोडल्यावर चौथ्या अर्जाला बोलावणं आलं. चाळीस माणसांचा घरगुती कारखाना. मालकाने इंटरव्ह्यूत टेबलावर लेथवर टर्न केलेला एक जॉब, म्हणजे सुटा भाग, ठेवला आणि विचारलं, चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, कसा धरशील? पोराने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आणि बाकी हातांनी सांगितलं. आता आठवड्याला १६ तास जातो, संध्याकाळी जर्मनच्या पुढच्या पातळीचा, बी-वनचा क्लास. नोकरी लागली असं मी म्हणत नाही. डिग्रीनंतर काम शोधायला १८ महिने मिळतात आणि तिथल्या मोटार उद्योगात सध्या कपात चालू आहे. हप्ता माझा चालूच आहे.

ज्या मायकोवरून आपल्या मायको सर्कलला नाव पडलं, ती मायको म्हणजे आजची बॉश. जर्मन कंपनी नाशकाला नवी नाही, जर्मन भाषा मात्र आपली पोरं ॲडमिशनचं पत्र आल्यावर शिकायला घेतात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून कॉलेजांनी संध्याकाळचा वर्ग ठेवला तर कुणाचं काय जातं? आणि मेळाव्याला जाणाऱ्या पालकांनी स्टॉलवर एवढंच विचारावं: तुमच्याकडून गेलेल्यांपैकी स्वतःच्या विषयातलं काम किती जणांना मिळालं, त्यातल्या दोघांशी आमचं बोलणं करून द्या. आपणही जाहिरातीशेजारच्या पानावर अशा मुलांना जागा द्यावी, काम न मिळालेल्यांनासुद्धा.

बाहेर जायचा विचार असलेली दोन मुलं या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या वर्कशॉपला घ्यायला मी तयार आहे. स्टायपेंड बेताचा असेल, दाखला पूर्ण पानाचा देईन. सेफ्टी शूज ज्याचे त्याने आणावेत.

– एक वर्कशॉपवाला, सिडको, नाशिक