निवेदनावर माझं पूर्ण नाव असेल

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर विषय अर्धाच राहिला. आईचा आवाज भरून आला आणि मलाही पुढे बोलवेना, म्हणून सविस्तर लिहिते. लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्या आम्ही काही जणांनी खासदारांना द्यायला एक निवेदन तयार केलंय. आमच्यासारख्यांसाठी कायदा करा, अशी मागणी आहे. त्यावर मी माझं पूर्ण नाव घालणार आहे, गावासकट. सहाव्या वर्षी मला ब्लड कॅन्सर झाला होता, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं असेल.

आई, तुझ्या पोटात गोळा का येतो ते मला कळतं. दादाला स्थळं येतायत आणि फलटणसारख्या गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. मी आधी दादाशीच बोलले. तो म्हणाला, लपवून जमवलेलं लग्न मला नको. लहान मुलांचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात आणि हे कुणाला समजावून सांगायची वेळ आलीच, तर मी स्वतः त्या घरी येऊन सांगेन. तुला एकटीला कुणाच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागणार नाही.

बाबा, फ्लॅटच्या वेळची एक गोष्ट अजून तुमच्या कानावर घातलेली नाही. कर्ज आम्हा दोघांच्या नावावर आहे, पण त्यावरचा विमा एकट्या अजयचाच उतरला. माझा फॉर्म परत आला. 'पूर्वी कॅन्सर झाला होता का' या रकान्यात मी 'हो' लिहिलं होतं. उपचार संपून वीसेक वर्षं झाली, शेवटचे रिपोर्ट नॉर्मल, सगळं जोडलं होतं. कुणी बघितलं असेल असं वाटत नाही. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर पूर्ण हप्ता त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. मला त्या रात्री झोप लागली नाही.

फ्रान्समध्ये नेमका यावरच कायदा आहे. २०१६ साली त्यांनी 'विसरले जाण्याचा हक्क' मान्य केला. मोठ्या वयात कॅन्सर झालेल्यांना उपचार संपल्यावर दहा वर्षांनी आणि लहानपणी झालेल्यांना पाच वर्षांनी, कर्जाच्या विम्यासाठी तो आजार सांगावाच लागत नाही. २०२२ मध्ये सगळ्यांसाठीच पाच वर्षं केली. पुढच्याच वर्षी स्पेन आणि इटलीनेही कायदे केले. अमेरिकेने २०१८ मध्ये मुलांच्या कॅन्सरसाठी वेगळा कायदा केला, त्यात बऱ्या झालेल्या मुलांवर पुढे काय परिणाम होतात याच्या संशोधनाची तरतूद आहे.

आपल्याकडे अशी वाट आधीच पडलेली आहे. एचआयव्ही असलेल्यांना नोकरीत, शाळेत, विम्यात अन्यायाने डावलता येणार नाही असा कायदा २०१७ मध्ये झाला. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल त्यात आहेत, कॅन्सर नाही. ज्या मुलाचं ऐकू येणं उपचारांत गेलं, त्याला निदान त्या कारणाने दाखला मिळतो. पण ज्याचं हृदय औषधाने अशक्त झालं, त्याने कुठल्या रकान्यात बसायचं? आरोग्य विम्याचे नियम २०२४ मध्ये थोडे सैल झाले, जुन्या आजारासाठी थांबायची मुदत चारवरून तीन वर्षांवर आली. पण प्रीमियम वाढवायची मुभा कंपनीला आहेच.

आणि मुख्य मागणी विम्याची नाहीच. त्या मुख्य मागणीसाठी मला तुमची वही हवी आहे, बाबा.

ती शंभर पानी वही, जिच्यात तुम्ही रोजचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, लिहायचात. तारीख, माझं वजन, उंची, औषधाचं नाव, डोस. लाल इंजेक्शनच्या ओळीखाली तुम्ही लाल पेनाने रेघ मारायचात. त्या दिवशी लघवी लाल व्हायची आणि आई मला सांगायची, घाबरू नकोस, औषधच बाहेर पडतंय. मागच्या वर्षी इथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी विचारलं, डॉक्सोरुबिसिन एकूण किती गेलं? ते लाल औषध पुढे कितीतरी वर्षांनी हृदयाचे स्नायू कमजोर करू शकतं, म्हणून विचारलं. हॉस्पिटलकडे जुने कागद शिल्लक नव्हते. तेव्हा तुम्ही फोनवर एकेक आकडा वाचून दाखवलात आणि डॉक्टरांनी बेरीज केली. वजन-उंचीवरून शरीराचं क्षेत्रफळ काढतात, त्याच्या प्रति चौरस मीटर २५० मिलिग्रॅमच्या वर गेलं असेल तर धोका जास्त मानतात. माझा आकडा बराच खाली आला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, किती वर्षांनी करायचा हे त्या वहीवरून ठरलं.

ज्यांच्या बाबांनी वही ठेवली नाही, त्यांनी काय करायचं? ज्यांच्या बाबांना लिहिता येत नव्हतं त्यांनी? आम्हाला कायद्यात हे हवंय की, उपचार संपताना प्रत्येक मुलाच्या हातात सगळ्या औषधांचा आणि रेडिएशनचा हिशेब पडला पाहिजे आणि पुढची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट झाली पाहिजे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं, म्हणजे हे होऊ शकतं. पण साताऱ्या-सोलापूरच्या पोराला दरवर्षी परळ कसं परवडणार?

तुम्ही म्हणाल, खासदाराने खासगी विधेयक, म्हणजे सरकारऐवजी स्वतःच्या नावाने कायद्याचा मसुदा, आणून काय होतं, १९७० नंतर असं एकही विधेयक कायदा झालेलं नाही. खरं आहे. पण सभागृहात मांडलं की त्यावर चर्चा होऊ शकते, मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि आज आमच्याबद्दल कुणाला उत्तरच द्यावं लागत नाहीये. खासदारांसमोर नाव झाकलेली माणसं गेली तर त्यांना आम्ही दिसणार कसे? मी नोकरी करते, संसार करते, पुण्यात लोकलसारख्या भरलेल्या बसने रोज जाते-येते. ती मुलगी त्यांनी बघावी.

निवेदनाला वहीची दोन-तीन पानं जोडायची आहेत. लाल रेघांची पानं नीट उजेडात धरून फोटो काढा आणि व्हॉट्सॲपवर पाठवा. आपल्या आळीत ज्यांच्या मुलाचे उपचार चालू आहेत, त्यांच्याकडेही एकदा जाऊन या. त्यांना म्हणावं, डिस्चार्ज कार्डाचे फोटो काढून ठेवा आणि औषधाचं नाव, डोस, तारीख, त्या दिवशीचं वजन आणि उंची एका वहीत लिहा. कसं लिहायचं ते तुमच्याइतकं चांगलं कुणी दाखवू शकणार नाही.

रविवारी फोन करते.

तुमची,
शुभा