दगडांची वर्तुळे आधी नकाशावर येऊ द्या

'शेतातल्या उंचवट्याखाली काय दडलंय?' हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. संशयित शिळावर्तुळ लगेच खोदून पाहावे, ही त्यातील सूचना मात्र पटली नाही.

नागपूर-काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथे अशी सुमारे 300 वर्तुळे आहेत. काळ्या दगडांचे कडे आणि आत गोटे-मुरमाचा जरासा फुगवटा. बघणाऱ्याला तो शेतातला ढिगाराच वाटतो. जवळ जाऊन वाकून पाहिले की काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे छोटे खळगे दिसतात. ही लोहयुगीन माणसांची दफने. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी 1879 मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली होती.

नागपूरजवळच्याच माहुरझरी येथील अशा वर्तुळांच्या उत्खननात माणसांसोबत पुरलेले घोडे आणि त्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. कोणती वस्तू कुठे, कशाशेजारी होती याची नोंद झाली, म्हणून तर त्या लोकांचे घोड्याशी असलेले नाते आपल्याला कळले. घाईने उपसलेल्या ढिगाऱ्यातून तांब्याचा तुकडा हाती येईल, ही माहिती कायमची जाईल.

जुनापाणीला केंद्रीय संरक्षण तरी आहे. नोंदच नसलेले वर्तुळ मुरमासाठी किंवा लेआउटसाठी एका दिवसात सपाट होते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून पुरातत्त्व खात्याने तलाठी आणि ग्रामपंचायतींना सोबत घेऊन गट क्रमांकानुसार ही स्थळे गावनकाशावर आणावीत. उत्खननाचे नंतर बघू. दगड जागेवर राहिले तरच ते शक्य आहे.

– एक वाचक, नागपूर